बेलिफ दारात आणि नादारीचा अर्ज अजून व्हायचाय: जप्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करतो. कर्जात बुडालेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हातात पंचनाम्याची चुरगळलेली प्रत असते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, आता काही राहिलं आहे का?" बऱ्याचदा राहिलेलं असतं. त्या घाबरलेल्या दिवसांत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे आधी कळलं असतं तर आणखी राहिलं असतं. म्हणून हे प्रश्न एका जागी लिहून काढतो आहे. उत्तरं महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरती आणि व्यक्ती, घरगुती धंदा किंवा छोटी भागीदारी यांच्यापुरती आहेत. कंपनीचं प्रकरण वेगळं असतं.

बेलिफाने (जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने) माल उचलून नेला. आता तो गेलाच ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. जप्ती झाली म्हणजे तुम्हाला तो माल विकता, गहाण टाकता किंवा कुणाला देता येत नाही. तसं केलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे तो व्यवहार डिक्रीदाराविरुद्ध, म्हणजे ज्याने कोर्टातून वसुलीचा हुकूम (डिक्री) मिळवला त्याच्याविरुद्ध, टिकत नाही. पण मालकी अजून तुमचीच असते. ती जाते लिलावात.

जप्ती आणि लिलाव यांच्यामध्ये दिवस असतात. विक्रीचा जाहीरनामा कोर्टात लागल्यावर जंगम मालासाठी किमान ७ दिवस आणि स्थावरासाठी किमान १५ दिवस जावे लागतात (त्याच संहितेची ऑर्डर २१, नियम ६८). भाजीपाला किंवा दुधासारखा नाशवंत माल मात्र लगेच विकता येतो. हे दिवस तुम्ही लेखी संमती दिलीत तरच कमी होतात. "लवकर लिलावास हरकत नाही" असं लिहिलेल्या कागदावर माणसं सही करतात, कारण समोरचा म्हणतो, "लवकर विकलं तर भाव चांगला येईल." न वाचता सही करू नका.

लिलावाच्या जागीसुद्धा बोली पक्की होण्याआधी, म्हणजे "तीनवार" पुकारण्याच्या आत, खर्चासह पूर्ण रक्कम भरली तर अधिकाऱ्याला विक्री थांबवावीच लागते (नियम ६९).

नादारी आणि दिवाळखोरी यांत फरक काय? कोणत्या कायद्याखाली अर्ज करायचा?

बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. कोर्टाच्या भाषेत देणी फेडता न येणारा माणूस "नादार". मुंबई शहरात १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स नादारी कायदा लागू आहे. तिथे अर्ज उच्च न्यायालयात होतो आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याकडे जाते. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. तिथे अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात होतो आणि मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, म्हणजे ती गोळा करून सगळ्या धनकोंत (ज्यांचं देणं आहे त्यांच्यात) वाटण्यासाठी कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे. पुढची कलमं मी १९२० च्या कायद्याची देतो आहे. मुंबईच्या कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, पण गाभा बराचसा तोच आहे.

"२०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला ना?" असं विचारलं जातं. आला. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. किराणा दुकानदार, रिक्षावाला, शिक्षक, शेतकरी यांना अजून जुन्याच कायद्याचा दरवाजा ठोठवावा लागतो.

दारात आलेला माणूस खरोखर कोर्टाचा आहे हे कसं ओळखायचं?

वॉरंट मागा. त्यावर कोर्टाचं नाव, दरखास्त (डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज) क्रमांक, डिक्रीदाराचं आणि तुमचं नाव, रक्कम, कोर्टाचा शिक्का आणि वॉरंट परत करायची तारीख असते. बेलिफाकडे ओळखपत्र असतं. शांतपणे मागितलं तर चांगला बेलिफ स्वतःच दाखवतो. मोबाईलने दोन्हींचा फोटो घ्या आणि दरखास्त क्रमांक लिहून ठेवा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने प्रकरण दिसतं.

फायनान्स कंपनीने पाठवलेला वसुलीवाला कोर्टाचा माणूस नाही. त्याला घरात शिरायचा अधिकार नाही आणि टीव्ही उचलायचा तर मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनही करायचा नाही. "मी कोर्टातून बोलतोय, अर्ध्या तासात जप्ती येतेय, एवढे पैसे टाका" असा फोन आला तर समजा की तो कोर्टातून नाही. बेलिफ फोनवर पैसे मागत नाही.

बेलिफ कुलूप तोडू शकतो का? रात्री येऊ शकतो का?

राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी शिरता येत नाही. बाहेरचा दरवाजा तोडता येत नाही. मात्र घर तुमच्या ताब्यात असेल आणि तुम्हीच आत येऊ देत नसाल तर तोडता येतो. एकदा रीतसर आत आल्यावर, ज्या खोलीत माल आहे असं मानायला कारण आहे त्या खोलीचं दार तोडता येतं. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये आहे.

म्हणून आडवं पडून, शिवीगाळ करून काही साधत नाही. उलट सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल होतो आणि पुढच्या वेळी बेलिफ पोलीस बंदोबस्त घेऊन येतो. कर्ज दिवाणी होतं, त्याला फौजदारी जोडून घेऊ नका.

कोणत्या वस्तू नेताच येत नाहीत?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील शिंपी होते. मी पाचवीत असताना दुकानावर जप्ती आली. बेलिफ, दोन पंच आणि डिक्रीदाराचा मुनीम. पायाने चालवायचं शिलाई मशीन, कात्र्या, इस्त्री, लाकडी टेबल आणि फळीवर ठेवलेले गिऱ्हाइकांचे कापड, सगळं टेम्पोत गेलं. पंचनाम्यात मशीनसमोर लिहिलं होतं: "एक जुने शिलाई यंत्र, वापरलेले." वडिलांनी खाली मान घालून सही केली. गिऱ्हाइकांच्या कापडाचे पैसे ते पुढे दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करून फेडत होते. पुढे कायदा शिकताना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मी पहिल्यांदा वाचलं. मशीन नेताच येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांचं कापड वडिलांच्या कर्जात धरताच येत नव्हतं. त्या दिवशी दुकानात असलेल्या कुणीही हे म्हटलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं किंवा माहीत असून कुणी बोललं नाही.

तर कलम ६० म्हणतं: तुमचे, बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्र यात येतं. कपाटातला बाकीचा सोन्याचा हार येईलच असं नाही. कारागिराची हत्यारं सुटतात: शिंप्याचं मशीन, सुताराचा रंधा, न्हाव्याची खुर्ची-वस्तरे, चांभाराची ऐरण. शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं उपजीविकेला लागेल तेवढं सुटतं. स्वतः कसणाऱ्या आणि मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या शेतकऱ्याचं, तसंच मजुराचं आणि घरगडी म्हणून काम करणाऱ्याचं राहतं घरही सुटतं. हिशेबाच्या वह्या जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि तुमच्या आयुर्विम्याची रक्कम यांनाही हात लावता येत नाही.

"कारागीर" कुठे संपतो आणि "कारखानदार" कुठे सुरू होतो यावर वाद होतात. इचलकरंजीत किंवा मालेगावात स्वतः दोन माग चालवणारा आणि वीस माग लावून कामगार ठेवणारा यांना कोर्ट एकाच मापाने मोजणार नाही. तुम्ही पहिल्या प्रकारात असाल तर ते सिद्ध करणारे कागद जवळ ठेवा: परवाना, वीजबिल, मजुरीच्या पावत्या.

आणखी एक. कर्ज घेताना "कलम ६० चं संरक्षण मी सोडतो" असं तुमच्याकडून लिहून घेतलं असलं तरी तो करार रद्दबातल असतो. हे कलम ६०(१अ) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

दुकानात गिऱ्हाइकांचा किंवा बायकोचा माल आहे. तोही नेला तर?

तिथल्या तिथे सांगा आणि पंचनाम्यात लिहायला लावा: "सदर वस्तू अमक्याच्या मालकीच्या असल्याचे ऋणकोचे म्हणणे." ऋणको म्हणजे देणेकरी, इथे तुम्ही. बेलिफाने ऐकलं नाही तर ज्याची वस्तू आहे त्याने स्वतः ऑर्डर २१ नियम ५८ खाली हरकतीचा अर्ज करायचा. त्याच कोर्टात मालकीचा निकाल होतो. पण लिलाव होण्याआधी करायचा. विक्री झाल्यावर किंवा मुद्दाम उशीर करून आणलेली हरकत कोर्ट ऐकत नाही.

बायकोने कर्जावर सही केली नसेल, जामीनही राहिली नसेल, तर नवऱ्याच्या कर्जासाठी तिचं स्त्रीधन आणि तिच्या पैशाने घेतलेली वस्तू जप्त होत नाही. फ्रिजची पावती तिच्या नावाची असेल तर ती पावती तांदळाच्या डब्यात नको, हाताशी ठेवा. मोबाईल दुरुस्तीवाल्याने, ड्रायक्लीनरने, सोनाराने जॉबकार्ड आणि पावतीपुस्तक जपावं. कोर्टात बोलतं ते पावतीपुस्तक.

पंचनाम्यावर सही करू का?

वाचून करा. सही केली म्हणजे कर्ज कबूल केलं असं होत नाही, आणि नाही केली म्हणून जप्ती थांबत नाही. सहीच्या वर तुमची हरकत तुमच्या अक्षरात लिहा: "कलम ६० खालील हत्यारे नेली, हरकत नोंदवून सही." यादी नीट तपासा. "किरकोळ सामान" अशी नोंद मान्य करू नका. वस्तू, संख्या, कंपनी, मॉडेल, स्थिती, सगळं आलं पाहिजे. प्रत मागा. यादीत नसलेली वस्तू नंतर मागायला गेलात की तुमच्या हातात काहीच नसतं.

जनावरं, शेतीची अवजारं किंवा सहज हलवता न येणारा माल असेल तर तो गावातल्याच एखाद्या भरवशाच्या माणसाकडे सुपूर्दनाम्यावर (सांभाळायला दिल्याच्या लेखी कागदावर) ठेवण्याची सोय ऑर्डर २१ च्या नियम ४३अ मध्ये आहे. ती मागून घ्या. टेम्पोभाडं आणि गोदामभाडं शेवटी तुमच्याच खात्यावर चढतं.

नादारीचा अर्ज जप्तीच्या आधी करावा की नंतर केला तरी चालतो?

दोन्ही चालतं. कायदा जप्तीकडेच एक कारण म्हणून बघतो. कलम १० प्रमाणे देणी फेडता येत नसलेल्या माणसाला तीनपैकी कोणतीही एक गोष्ट असेल तर अर्ज करता येतो: देणी ५०० रुपयांची असणं, पैशाच्या डिक्रीत अटक झालेली असणं, किंवा डिक्रीच्या अंमलबजावणीत मालमत्तेवर जप्तीचा हुकूम होऊन तो चालू असणं. ५०० रुपयांचा आकडा १९२० चा आहे, त्यामुळे आज ती अट सगळेच पार करतात.

खरी महत्त्वाची तारीख वेगळी आहे. कलम ५१ सांगतं की अर्ज दाखल करून घेतल्याच्या तारखेआधी लिलावातून किंवा अन्य मार्गाने जे पैसे वसूल झाले, तेवढ्यावरच त्या डिक्रीदाराचा हक्क. नुसती जप्ती करून ठेवलेला माल त्याचा होत नाही. तो रिसीव्हरकडे जातो आणि सगळ्या धनकोंत वाटला जातो. म्हणजे अर्ज ११ तारखेला दाखल करून घेतला आणि लिलाव १४ ला असेल, तर माल वाचवायची वाट आहे. लिलाव ९ ला होऊन पैसे आले असतील, तर ते पैसे गेले, आणि चांगल्या हेतूने माल घेणाऱ्याची मालकीही पक्की झाली.

म्हणजे अर्ज टाकला की लिलाव आपोआप थांबतो?

नाही, आणि इथे माणसं फसतात. नादारीचा अर्ज एका कोर्टात आणि दरखास्त दुसऱ्या कोर्टात असते. या कोर्टाचं त्या कोर्टाला आपोआप कळत नाही. म्हणून कलम ५२ आहे. अर्ज दाखल करून घेतल्याची नोटीस लिलावाआधी दरखास्तीच्या कोर्टात पोचली पाहिजे, आणि माल रिसीव्हरकडे द्या असा अर्ज तिथे झाला पाहिजे. मग कोर्टाला तसा हुकूम द्यावाच लागतो. दाव्याचा आणि अंमलबजावणीचा खर्च मात्र त्या मालातून आधी वळता होतो.

क्रम असा: नादारीचा अर्ज, त्यासोबत कलम २० खाली अंतरिम (तात्पुरता) रिसीव्हर नेमण्याचा अर्ज (ऋणकोनेच अर्ज केला असेल तर कोर्टाने तो सामान्यतः नेमायचाच असतो), दाखल करून घेतल्याच्या हुकुमाची त्याच दिवशी नक्कल, आणि ती नक्कल घेऊन दरखास्तीच्या कोर्टात. नक्कल मिळायला दोन दिवस लागतात म्हणून घरी बसू नका. तातडीची नक्कल मागा. लिलाव थांबवण्याच्या अर्जात हुकुमाची तारीख आणि अर्ज क्रमांक लिहून शपथपत्र जोडा.

अर्जात काय काय लिहावं लागतं?

सगळं. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम. तुमची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे. कोणत्या कोर्टाने जप्ती केली आणि कोणती डिक्री. आधी कधी असा अर्ज केला होता का. हातउसने घेतलेलेही लिहा, भिशीचेही लिहा, सासऱ्यांकडून घेतलेलेही लिहा. लाज वाटते म्हणून वगळलेलं एक नाव उलटतपासणीत बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

जप्ती येणार हे कळलंय. सामान मेव्हण्याकडे ठेवू का? गाडी भावाच्या नावावर करू का?

करू नका. मी हात जोडून सांगतो, करू नका.

आधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा नावापुरत्या किमतीत केलेलं हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो (कलम ५३). धनकोंना चुकवण्यासाठी माल हलवणं हा गुन्हाही आहे. आणि पुढे तुम्हाला नादारीतून मुक्त करायचं, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सोडवायचं, की नाही हे ठरवताना कोर्ट नेमकं हेच बघतं. शिवाय मेव्हण्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. मी अशी दोन घरं पाहिली आहेत जिथे कर्ज केव्हाच मिटलं, पण बहीण-भाऊ अजून एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत.

जे कलम ६० मुळे सुटतं ते तसंही सुटतं, आणि नादारीतही सुटतं. कलम २८(५) प्रमाणे, हिशेबाच्या वह्या सोडल्या तर, जप्त न होणारी मालमत्ता रिसीव्हरकडे जात नाही. ते लपवायची गरजच नाही.

एकाचं पूर्ण देऊन टाकतो, बाकीच्यांचं नादारीत बघू. चालेल?

जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यावंसं वाटतं, ते समजतं. पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला मुद्दाम झुकतं माप देऊन केलेली फेड कलम ५४ खाली रद्द ठरू शकते.

आणि पैसे दिलेच तर पावतीशिवाय देऊ नका. कोर्टाबाहेर डिक्रीदाराला दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली नसेल तर अंमलबजावणी करणारं कोर्ट ती विचारातच घेत नाही (ऑर्डर २१, नियम २). डिक्रीदाराने नोंदवली नाही तर तुम्ही ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. "शेठजींना चहाच्या टपरीवर पन्नास हजार रोख दिले, ते नोंदवतो म्हणाले" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. कोर्टात भरा, किंवा बँकेतून द्या आणि पुरशिस (रक्कम मिळाल्याचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) घ्या.

पगारातून किती कापतात?

पोटगी सोडून इतर डिक्रीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुरक्षित. ३१,००० पगार धरला तर १,००० बाजूला, उरलेल्या ३०,००० पैकी २०,००० सुरक्षित, म्हणजे जास्तीत जास्त १०,००० जप्त होतील. एकूण २४ महिने कपात झाली की पुढचे १२ महिने त्या भागालाही हात लावता येत नाही, आणि सगळी कपात एकाच डिक्रीपोटी असेल तर त्या डिक्रीसाठी तो विषय कायमचा संपतो. पोटगीच्या डिक्रीत मात्र एक तृतीयांशच सुरक्षित.

पतसंस्थेचा वसुली अधिकारी आलाय. तोही बेलिफच का?

नाही. पतसंस्थेला किंवा सहकारी बँकेला दिवाणी दावा न करता सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. मग त्याच कायद्याचं कलम १५६ आणि त्याखालचा नियम १०७ यांप्रमाणे वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. मागणी नोटीस आधी यायला हवी. "१०१ चा दाखला" दाखवा असं म्हणा आणि त्याची प्रत घ्या. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (वर फेरतपासणी मागण्याचा अर्ज) आहे, पण त्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. हातात पैसे नसलेल्या माणसाला ही अट फार जड जाते. ती अन्यायकारक आहे असं माझं मत आहे.

नादारी कायद्यातली कलमं ५१ आणि ५२ डिक्रीच्या अंमलबजावणीच्या भाषेत लिहिलेली आहेत. वसुली दाखल्याच्या जप्तीत त्यावर वाद घातला जातो. म्हणून पतसंस्थेचं कर्ज मोठं असेल तर नुसता अर्ज दाखल करून थांबू नका, अंतरिम रिसीव्हर आणि नादार ठरवण्याचा हुकूम यांचा पाठपुरावा करा. नादार ठरवल्यावर कलम २८ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय तारण नसलेल्या कुणाही धनकोला तुमच्या मालमत्तेवर जाता येत नाही, आणि हा परिणाम अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरला जातो.

घर बँकेकडे गहाण आहे. नादारीने ते वाचेल का?

नाही. तारण असलेला धनको नादारीच्या बाहेरून आपलं तारण वसूल करू शकतो. बँकेची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, आणि त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अर्ज, ही सरफेसी (बँकांच्या तारणवसुलीच्या) कायद्याची वेगळी वाट आहे. शेतजमिनीवरचं तारण त्या कायद्याखाली येत नाही.

पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकतील का?

नुसते पैसे नाहीत म्हणून नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. ऐपत असून देत नाही, किंवा अप्रामाणिकपणा केला, हे डिक्रीदाराने दाखवावं लागतं. पैशाच्या डिक्रीत स्त्रीला अटक करता येत नाही. अटक झालीच तर कोर्टाने तुम्हाला नादारीचा अर्ज करता येतो हे सांगायचं असतं, आणि महिन्याभरात अर्ज करतो अशी जामीनकी दिली तर कोर्ट सोडू शकतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५५). चेक न वटल्याचा खटला मात्र वेगळा आहे. तो फौजदारी आहे आणि नादारीच्या अर्जाने थांबत नाही.

मी जामीन राहिलो होतो. मूळ कर्जदार नादार झाला तर मी सुटलो का?

नाही. त्याची सुटका ही त्याची एकट्याची. धनको सरळ तुमच्याकडे येऊ शकतो. तुम्ही नादारी घेणार असाल तर अर्ज करण्याआधी तुमच्या जामीनदाराला स्वतः जाऊन सांगा. त्याला हे बेलिफाकडून कळू नये.

मला दावा झाल्याचंच माहीत नव्हतं. एकदम जप्ती आली.

मग एकतर्फी, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत झालेली, डिक्री असेल. समन्स नीट बजावलं नसेल तर डिक्रीची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो. सोबत दरखास्तीला स्थगिती मागा. डिक्री होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ गेला असेल तर अंमलबजावणीआधी तुम्हाला नोटीस द्यायला हवी होती, तेही तपासा. जप्तीचा दिवस हाच माहिती झाल्याचा दिवस धरून मोजायला लागा.

तुमचं मत काय, नादारी घ्यावी का?

प्रत्येकाने घ्यावी असं मला वाटत नाही. एकच डिक्रीदार असेल आणि महिन्याला काही देता येत असेल, तर बसून हप्तेबंदी करा. डिक्री झाल्यावर हप्त्यांना डिक्रीदाराची संमती लागते, पण लिलावात जुन्या फर्निचरला काय भाव येतो हे त्यालाही ठाऊक असतं. संमती लेखी घ्या आणि कोर्टात नोंदवा.

धनको सात-आठ असतील, एकाला भागवलं की दुसरा दरखास्त लावत असेल, आणि मिळकत व्याजालाही पुरत नसेल, तर नादारी हा मानाने श्वास घ्यायचा मार्ग आहे. तिची किंमत मात्र समजून घ्या. मुक्त होईपर्यंत नवीन मिळालेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांची उधारीही घेता येत नाही. निवडणुकीतून मिळणारं पद धारण करता येत नाही, मग ते स्थानिक संस्थेतलं असो की विधानसभेतलं. मुक्ततेचा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत केला नाही तर सगळी प्रक्रिया रद्द होऊ शकते, आणि ही तारीख विसरणारे खूप आहेत. देण्यातल्या रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर त्याला तुम्ही जबाबदार नाही हे दाखवावं लागतं: आजारपण, आग, पूर, बुडालेली येणी. त्याचे कागद आजपासूनच जमवा. सरकारी देणं, फसवणुकीतून आलेलं देणं आणि पोटगी मुक्ततेनंतरही राहते.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे.

बेलिफ उद्या सकाळी येणार आहे. आज रात्री काय करू?

घरातल्या सगळ्यांना सांगा. बायकोला दारात पहिल्यांदा कळणं हे जप्तीपेक्षा वाईट असतं.

एका पिशवीत आधार, धंद्याचा परवाना, दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या, आधी भरलेल्या रकमांच्या पावत्या आणि हिशेबाच्या वह्या ठेवा. घरातल्या आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, तारखेसह. तुमची हत्यारं एका बाजूला मांडा आणि कोऱ्या कागदावर त्यांची यादी करून खाली लिहा: "या वस्तू दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०(१)(ब) खाली जप्तीस पात्र नाहीत." सही करून दोन प्रती ठेवा. एक बेलिफाला द्या, एकावर त्याची पोच मागा. पोच दिली नाही तर तेवढं पंचनाम्यात लिहायला सांगा.

काही रक्कम भरता येत असेल तर ती बेलिफाला पावती घेऊनच द्या. वकिलाला सकाळी नाही, आत्ता फोन करा, आणि दरखास्त क्रमांक सांगा.

मुलांना नेहमीच्या वेळी शाळेत पाठवा. डबा द्या. टेम्पो येईपर्यंत त्यांनी घरी थांबायचं काही कारण नाही.